पर्यायी भूत मिळेपर्यंत

विषय : शोकांतिकेच्या पहिल्या प्रवेशात येणाऱ्या भुताच्या भूमिकेबाबत.

संदर्भ : आमच्या ऑफिसच्या नाट्यमंडळाचे सातारा, कोरेगाव, वाई व सांगली येथील प्रयोग. काळ साठ ते सत्तरच्या दरम्यानचा.

वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सगळी उमर कारकुनीत गेलेला माणूस गप्पा मारायला बसला तरी सुरुवात अशीच करतो. त्याबद्दल क्षमस्व.

किस्से हे सरकारी कागदांसारखेच असतात. एकाला जोडून दुसरा येतो, निकाली कुणी काढत नाही, आणि शेवटी फडक्यात गठ्ठा बांधून कपाटावर टाकावा लागतो. माझ्या कपाटावरचा एक गठ्ठा निव्वळ भुताचा आहे.

साताऱ्याच्या आमच्या ऑफिसात एक नाट्यमंडळ होतं. अध्यक्ष साहेब, कार्यवाह हेडक्लार्क, आणि विंगेत पुस्तक धरून बसणारा प्रॉम्प्टर मी. त्या वर्षी आम्ही एका जुन्या विलायती शोकांतिकेला हात घातला. रूपांतर आमच्याच एका निवृत्त अकाउंटंटने केलेलं. त्यामुळे त्यात भावना जरा कमी होत्या, पण बेरजा सगळ्या जुळत होत्या.

गोष्ट थोडक्यात अशी. राजाला सख्ख्या भावाने विष देऊन मारलं, गादी घेतली आणि राणीशी लग्नही केलं. पडदा उघडतो तेव्हा किल्ल्याच्या तटावर पहारेकरी कुजबुजत असतात आणि मेलेल्या राजाचं भूत येतं. पहारेकऱ्यांशी ते चकार शब्द बोलत नाही. मुलगा, म्हणजे राजपुत्र, समोर आल्यावरच तोंड उघडतं, खुनाची हकिगत सांगतं, सूड घे म्हणतं आणि जातं. पुढचे चार अंक तो मुलगा विचार करतो.

मला विचाराल तर असा शिस्तीचा अर्जदार मी दुसरा पाहिला नाही. दारावरच्या माणसाला गाऱ्हाणं सांगून उपयोग नसतो, संबंधित अधिकाऱ्यालाच गाठायचं असतं, हे त्याला मेल्यावर का होईना कळलेलं आहे. आणि संबंधित अधिकारी म्हणतो, बघतो.

*

राजपुत्र कोण, हा प्रश्नच नव्हता. मंडळाच्या कुठल्याही नाटकात नायक म्हणजे हेडक्लार्क अण्णा गोडबोले. तसा नियम नव्हता, पण वहिवाट होती, आणि ऑफिसात वहिवाट मोडण्यापेक्षा नियम मोडणं सोपं.

अडलं ते भुतापाशी. खुनी व्हायला तिघे तयार होते, मेलेला व्हायला कुणी नाही. रेकॉर्डकीपर पवारांनी दबकत होकार दिला, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या मंडळी ऑफिसात हजर. साहेबांच्या टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "आवं साहेब, ह्ये पांढरं कापड गुंडाळून लोकांपुढं हुबं ऱ्हानार, आन् मी कुंकू लावून पयल्या रांगंत बसून बघू व्हय?"

साहेबांनी यादी पुढे ओढली. पवारांचं नाव खोडलं.

मग बनसोडेला बोलावलं. बनसोडे आमच्यातला सगळ्यात नवा कारकून, दहिवडीकडचा. माण तालुक्यात पाऊस पाहुण्यासारखा येतो, चहासुद्धा न घेता जातो. घरटी एक माणूस मुंबईला. याचा भाऊ गिरणीत होता, हा मॅट्रिक होऊन आमच्याकडे. ताडमाड उंची, विहिरीतून आल्यासारखा आवाज, आणि जिभेला लगाम नाही. छप्पन सालानंतर त्यांच्या घराने बुद्धाचा धर्म घेतलेला.

"करतो की साहेब," तो म्हणाला. "देव, भुतं, उतारं, समदं आमी एकदमच सोडलं. देव बुडवायचे तर नदीला पानी येईस्तवर जरा थांबावं लागलं, तेवढंच. आमी भुतं मानत न्हाई, तवा ती बी आमाला मानत न्हाईत. पन एक हाय. औंदा भूत, फुडल्या साली राजपुत्र."

साहेब हसून म्हणाले, "बघू."

बनसोडेने तो होकार धरला. नोकरीत नवा होता.

अण्णांनी मात्र चष्म्यावरून पाहिलं. "राजपुत्राला भाषा शुद्ध लागते रे बनसोडे. न आणि ण वेगळे लागतात."

"आन् राजपुत्राच्या बापाला लागत न्हाईत?" बनसोडे म्हणाला.

तालमीच्या पहिल्या दिवशी तो बोलायला उभा राहिला तेव्हा सगळे ण जागच्या जागी होते. अण्णांनी ते ऐकलं आणि सुपारी कातरायला घेतली. अण्णा सुपारी फार बारीक कातरायला लागले की मनात काहीतरी चालू आहे समजायचं.

*

या वाटपात एक घोटाळा होता, तो पहिल्या तालमीतच दिसला. भूत नुकतं लग्नाला आलेलं आणि त्याचा मुलगा पेन्शनच्या वाटेवरचा. ड्रेपरीवाल्याने अण्णांना काळाभोर टोप दिला आणि बनसोडेला पांढरी दाढी. दाढी घट्ट असेपर्यंत नातं टिकायचं. ती घामाने खाली घसरली की दोघांनाही अवघडल्यासारखं व्हायचं.

भुताचं पहिलंच वाक्य होतं, "बाळा, ऐक."

अण्णा थांबले. "हे 'बाळा' काढता येईल का?"

"अण्णा, मी तुमचा बाप हाय," बनसोडे म्हणाला.

"नाटकात."

"नाटकातलंच बोलतोय मी. हितं मी तुमचा ज्युनिअर हाय."

साहेबांनी 'बाळा' कायम केलं.

*

साताऱ्याचा प्रयोग बरा झाला आणि कोरेगावच्या लोकांनी बोलावलं. बाजारपेठेच्या मैदानात प्रयोग, पुढे सतरंजीवर शेतकरी मंडळी. विलायती राजा, विलायती किल्ला. यांना काय कळणार, अशी आमच्यातल्या शहाण्यांना काळजी. प्रत्यक्षात त्यांना आमच्याआधी कळलं.

आपल्याकडे दहाव्याला पिंड ठेवतात. कावळा शिवला नाही की समजायचं, गेलेल्याची काही इच्छा राहिली आहे. मग घरचे एकेक कबूल करत जातात, धाकटीचं लग्न करतो, विहीर पुरी करतो. बरोबर ते सापडलं की कावळा शिवतो. कोरेगावकरांनी भूत पाहिलं आणि प्रकरण लगेच ओळखलं.

बनसोडे हकिगत सांगत होता आणि अण्णा कपाळाला हात लावून विचार करत होते. तो अण्णांचा आवडता अभिनय. इतक्यात पुढून एक म्हातारा ओरडला, "आरं, कबूल कर की त्येला! बापाला किती येळ ताटकळत ठिवतुयास?"

अण्णांनी दुर्लक्ष केलं. दुसरा म्हणाला, "नुसता इचार नगं करू गड्या. हात जोड आन् मोठ्यांदी बोल."

मग मागूनही आवाज येऊ लागले. शेवटी अण्णांनी हात जोडले आणि पुस्तकात कुठेही नसलेलं वाक्य बोलले, "कबूल, बाबा, कबूल." सगळ्या मैदानाने सुटकेचा श्वास टाकला. आणि भूत वळून चालू लागलं. त्याचं निम्मं भाषण शिल्लक होतं.

विंगेत आल्यावर मी विचारलं, "अरे, सोडून कसा आलास?"

"तात्या, पोरानं कबूल केल्यावर बी बोलत बसलो असतो, तर लोकांनी मला हावरट म्हनलं असतं."

*

वाईला वेगळीच तऱ्हा. प्रयोगाआधी घाटावरचे एक गुरुजी मेकअपच्या खोलीत आले. नाटकाची चौकशी केली, मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "राजाचे अंत्यविधी कुणी केले?"

अण्णा म्हणाले, "भावाने."

"ज्याने मारलं त्यानेच? मग येणारच तो. पहिल्याच अंकात नीट शांती केली असती तर पुढचे चार अंक वाचले असते."

"पण मग नाटक राहिलं नसतं, गुरुजी."

"माणसं राहिली असती," गुरुजी म्हणाले, आणि पुढच्या रांगेत जाऊन बसले.

या नाटकात शेवटी जवळजवळ सगळे मरतात. पडदा पडल्यावर मी गुरुजींकडे पाहिलं. ते मान हलवत उपरणं सारखं करत होते, मुलाने सांगितलेलं न ऐकल्यावर बाप करतो तसे.

*

वर्ष उलटलं. सांगलीच्या नाट्यस्पर्धेत हेच नाटक न्यायचं ठरलं. बनसोडेने साहेबांना 'बघू'ची आठवण करून दिली. साहेब म्हणाले, "लेखी द्या."

बनसोडेने लेखी दिलं. विषय : राजपुत्राची भूमिका मिळणेबाबत. साहेबांनी समासात लिहिलं, 'कार्यवाह, अभिप्रायार्थ.' कार्यवाह म्हणजे अण्णा. म्हणजे राजपुत्राची जागा मागणारा अर्ज अभिप्रायासाठी राजपुत्राकडे गेला. यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे तीच पद्धत होती.

अण्णांचं अक्षर मोत्यासारखं. त्यांनी लिहिलं : 'अर्जदार भुताच्या कामात निष्णात असून सदर जागी अत्यावश्यक आहेत. सबब त्यांस मुक्त करणे मंडळाच्या हिताचे होणार नाही. पर्यायी भूत उपलब्ध झाल्यास विचार व्हावा.'

गावाजवळ बदली मागणाऱ्या प्रत्येक कारकुनाच्या अर्जावर अण्णा आजवर हेच लिहीत आले होते. फक्त भूत हा शब्द नवा होता.

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये बनसोडे माझ्यासमोर येऊन बसला. "तात्या, भुताचं काम वंगाळ केलं असतं तर सुटलो असतो की मी."

त्याला नोकरीचं मर्म कळू लागलं होतं.

मी म्हटलं, "अरे, भुताच्या एंट्रीला लोक श्वास धरून बसतात. राजपुत्राला जांभया देतात. तुला पाहिजे कशाला ते?"

त्याने बशीत चहा ओतला, पण प्यायला नाही. "भूत येतं, झालेलं सांगतं आन् जातं. सांगायचं काम माझ्या आज्यानं केलं, बापानं केलं. लोक ऐकून घेत्यात, लय वाईट झालं म्हंत्यात, आन् घरी जात्यात. मला एकदा, ज्याला कायतरी करायचं आसतं, त्येच्या जागी हुबं ऱ्हायचंय. मग त्यो चार अंक इचार करत बसंना का."

मी बिल दिलं. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

*

अण्णांची अट बनसोडेने अक्षरशः घेतली आणि पर्यायी भूत शोधायला लागला. सापडले आमचे नाईक शेलार. पलटणीतून निवृत्त होऊन आमच्याकडे शिपाई झालेले, छाती अजून पुढे, मिशा जागच्या जागी. बायको मागेच वारलेली, त्यामुळे कुंकवाची हरकत घ्यायला कुणी नव्हतं. बनसोडेने त्यांना रोज ऑफिस सुटल्यावर शिकवलं. भाषण पाठ झालं. चाल तर राजाचीच होती.

साहेबांसमोर तालीम झाली. दिवे मंद केले. तटावरून नाईक पावलं टाकत आले. पहारेकऱ्याने दरडावलं, "कोण आहे तिकडे?"

भुताने गप्प राहून पुढे जायचं होतं. नाईक जागीच खाडकन थांबले, टाच जुळवली आणि गरजले, "दोस्त!"

पलटणीत पहाऱ्यावरच्या माणसाने हटकलं की हेच उत्तर द्यायचं असतं. साहेबांना हसू आवरेना. बनसोडे कपाळाला हात लावून पुढे आला. "नाईक, तुमी मेलाय. मेलेला मानूस जबाब देत न्हाई."

"आवं, पन इचारल्यावर जबाब दिला न्हाई तर गोळी घालत्यात."

"घालू द्या की. तुमी आधीच मेलाय."

नाईकांनी थोडा विचार केला. "मग त्यो मेला कसा, आसं वाटतंय तुमाला?"

पुन्हा तालीम घेतली, पुन्हा "दोस्त". बनसोडेने विनवलं, दम दिला, तोंडात सुपारी धरायला लावली. सुपारीसकट "दोस्त" आलं. तीस वर्षांची सवय आमच्या अकाउंटंटच्या पाच अंकांपुढे नमायला तयार नव्हती. अण्णांनी अर्जावर आणखी एक ओळ टाकली : 'पर्यायी भूत तपासले. असमाधानकारक.'

सांगलीला जाणाऱ्या एस.टी.त बनसोडे पांढरी दाढी मांडीवर घेऊन बसला होता.

*

सांगलीत आमची उतरण्याची सोय हळदीचे व्यापारी मगदूमशेठ यांच्याकडे होती. जैन माणूस, नाटकाचा वेडा. त्यांच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, म्हणून आम्ही रंग लावूनच पानावर बसलो. बनसोडेच्या तोंडाला सफेदा, अण्णांच्या डोक्यावर काळा टोप. वाढणाऱ्या बाईंनी भुताला दुसऱ्यांदा आमटी विचारली नाही.

शेठ समोर बसून म्हणाले, "तुमचा राजा मेला कधी?"

अण्णा म्हणाले, "नाटकाच्या आधी दोनेक महिने."

"आणि अजून तटावर फिरतोय? आमच्यात जीव क्षणभर रेंगाळत नाही. एक देह सुटला की दुसरा. तुमचा राजा एव्हाना कुणाच्या तरी पोटी आला असंल."

बनसोडेला हे भलतंच आवडलं. "मग तटावर येतंय ते कोन, शेठ?"

शेठ ताटातलं मीठ बोटाने सारखं करत म्हणाले, "ते पोराचं. त्याचं करायचं राहिलंय, तेच येतंय. बाप आपला सुटला."

"ऐका अण्णा," बनसोडे म्हणाला. "म्हंजी माझं समदं भाषन खरं तर तुमचंच हाय."

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. पानातला भात कालवत राहिले.

*

सांगलीच्या प्रेक्षकाला गप्प बसवणं सोपं नाही. तिथला पानवालाही नटाच्या चुका सांगून मग चुना लावतो. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला. पहारेकरी कुजबुजले. भूत आलं, गेलं, सगळं यथास्थित. मग राजपुत्र तटावर आला आणि दोघे समोरासमोर उभे राहिले.

वाक्य अण्णांचं होतं. अण्णा बोलले नाहीत.

मी विंगेतून वाक्य पुरवलं. काही नाही. पुन्हा पुरवलं, जरा मोठ्याने. अण्णा भुताकडे बघत होते. तिसऱ्यांदा मी जे बोललो ते पहिल्या रांगेला ऐकू गेलं असावं, कारण परीक्षकांपैकी एकाने मान वळवली. अण्णांनी वळवली नाही. ही भूमिका ते झोपेत बोलत, असं त्यांच्या मंडळींनीच मला सांगितलं होतं.

बनसोडेने क्षणभर वाट पाहिली. मग तटाची एक पायरी उतरून खाली आला आणि म्हणाला, "तू विचारणार आहेस, मी कोण. विचार."

मग त्यानेच पुढे उचललं.

"तू म्हणशील, 'जिवंत होतात तेव्हा मला जवळ बसवून हे का नाही सांगितलंत?'" हे तो राजपुत्राच्या आवाजात बोलला. विहिरीतला आवाज नव्हता तो. तरणा, चिडका, रडवेला. मग पुन्हा भुताचा, "तेव्हा मलाच कुठे माहीत होतं, बाळा." मग पुन्हा मुलाचा, "आणि आता मी एकट्याने काय करायचं?"

अख्खा प्रवेश त्याने असा नेला. मुलाची सगळी वाक्यं त्याला पाठ होती. जिथे भुताच्या तोंडी बसत नव्हती तिथे त्याने वाकवून घेतली. एक पायरी खाली उतरून मुलगा, एक पायरी वर चढून बाप. माझ्या हातातलं पुस्तक मिटलं होतं. कधी मिटलं ते मला कळलं नाही. अण्णा त्याच्यासमोर उभे होते आणि ऐकत होते. भूत गेलं तेव्हा टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेनात.

दुसऱ्या अंकापासून शेवटपर्यंत अण्णांचा एक स्वल्पविराम चुकला नाही.

पडदा पडल्यावर मेकअपच्या खोलीत बनसोडे खोबरेल तेलाने तोंडाचा सफेदा पुसत होता. अण्णांनी टोप काढून खुंटीला लावला. आरशात बघत, बनसोडेकडे न बघता म्हणाले, "मी विसरलो नव्हतो."

बनसोडेचा हात थांबला. "मग?"

"मग काही नाही. ती तेलाची बाटली इकडे दे."

बनसोडेने बाटली दिली.

निकाल लागला. राजपुत्राच्या मौनाभिनयाबद्दल अण्णांना प्रशस्तिपत्र मिळालं. भुताचा उल्लेख नव्हता.

साताऱ्याला परतल्यावर अण्णांनी बनसोडेचा अर्ज फायलीतून मागवून घेतला. आपल्या दोन्ही अभिप्रायांवर पट्टी धरून सरळ रेघ मारली, खाली सही केली, आणि मधे नव्या अभिप्रायासाठी जागा सोडली. जागा बरीच सोडली होती. पुढच्या वर्षी मंडळाने विनोदी नाटक घेतलं. त्यानंतर अण्णा निवृत्त झाले आणि बनसोडेची बदली झाली.

सोडलेल्या जागेत कुणी काही लिहिलेलं नाही. अर्ज निर्णयासाठी प्रलंबित आहे.